ओढ्याची वाट

स्मरणिकेसाठी लिहावे असा निरोप आला आणि मन प्रथम खांबच्या वसतिगृहामागील ओहोळाकडे धावले. आषाढात तो फुगला की गुरुजी आम्हांस काठावर जाऊ देत नसत. "ती त्याची वाट आहे, आपण बाजूस व्हावे," एवढेच ते सांगत.

पुढे नोकरीनिमित्त पुण्यास गेलो. आंबील ओढ्याच्या काठी, परवडेल अशा भाड्याची खोली मिळाली. हा ओढा कात्रजच्या डोंगरांतून येतो. पूर्वी तो आजच्या पेठांमधून वाहत मुठेस मिळे. अठराव्या शतकात, नानासाहेब पेशव्यांच्या काळी, कात्रजला तलाव बांधून शहरात पाणी आणले गेले, पर्वतीच्या पायथ्याशी तळे झाले आणि ओढा शहराबाहेरून वळविला गेला. आजचा बाजीराव रस्ता साधारणपणे त्याच्या जुन्या वाटेने जातो. तळ्याच्या जागी सारसबाग आहे. त्या रस्त्याने मी कित्येक वर्षे कामावर गेलो, परंतु पायांखाली कधीकाळी ओढा होता, हे मला ठाऊक नव्हते.

वळविलेल्या पात्रासही शहराने पुरती जागा ठेवली नाही. काठांवर भराव पडले, भिंती उभ्या राहिल्या आणि लोक ओढ्यास नाला म्हणू लागले. नाल्याकाठची जागा ऐपतीच्या माणसास नकोशी. म्हणून ती आमच्यासारख्या, गावाहून मागाहून आलेल्यांच्या वाट्यास आली.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री ओढ्यास पूर आला. अरण्येश्वर परिसरात भिंत कोसळून माणसे दगावली. आमच्या खोलीत छातीइतके पाणी शिरले. शेजाऱ्यांच्या माळ्यावर आम्ही रात्र काढली. सकाळी चिखलात मी प्रथम शोधली ती दहावीची गुणपत्रिका आणि जातीचा दाखला. दाखला गेला. गुणपत्रिकेवर शाळेचे नाव तेवढे वाचता येत होते.

रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलिय यांच्यात झालेला तंटा हे सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण म्हणून बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात मांडले आहे. आपल्याच जिल्ह्यात, महाडला, २० मार्च १९२७ रोजी त्यांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन करून समतेचा हक्क बजावला. पाणी घेण्याचा हक्क सर्वांना सारखा, हे आम्ही शाळेतच शिकलो. पाण्यापासून सुरक्षित राहण्याचा हक्कही सारखाच असावयास हवा, हे मला त्या रात्री उमगले.

आता खांबवरून जाणारा महामार्ग रुंद होत आहे. आसपासच्या गावांतही जमिनींचे भाव विचारले जात आहेत. शाळेच्या माजी विद्यार्थ्यांना व पालकांना एकच विनंती आहे. घरासाठी जागा घेताना ती उन्हाळ्यात पाहून ठरवू नका. भर पावसात तेथे उभे राहा. गावातील वृद्धांना विचारा, की येथून पाणी कोठे जाते. आणि आपण भराव घातल्यास ते कोणाच्या दारात जाईल, हेही विचारा.