एकशे एक यार्ड

एकशे एक यार्ड राहिले होते. अमेरिकन फुटबॉलमध्ये फिलाडेल्फिया ईगल्सच्या सेक्वॉन बार्कलीच्या नावावर २०२४ च्या हंगामात १६ सामन्यांत २,००५ यार्ड जमा झाले होते, पुढं एरिक डिकर्सनचा १९८४ सालचा २,१०५ यार्डांचा विक्रम होता आणि एक अख्खा सामना शिल्लक होता. तोही घरच्या मैदानावर, ज्या न्यूयॉर्क जायंट्सनं त्याला जाऊ दिलं त्यांच्याच विरुद्ध. त्या सामन्यात बार्कली खेळला नाही. दुखापत नव्हती, तापही नव्हता. त्याला बसवून ठेवलं. त्यानंतर ईगल्सनी सुपर बोल, म्हणजे हंगामाचा अंतिम सामना, जिंकला, शहरात मिरवणूक निघाली, सगळं झालं. पण मला ते अजून पटलेलं नाही.

मी मूळचा कोल्हापूरचा. आमच्याकडं फुटबॉल म्हणजे शाहू स्टेडियम, पेठापेठांतल्या तालमी आणि सामना हरला की रात्री उशिरापर्यंत चालणारी भांडणं. नोकरीसाठी फिलाडेल्फियाजवळ येऊन राहिलो, तेव्हा इथला फुटबॉल मला बघवत नसे. पाच सेकंद खेळायचं आणि अर्धं मिनिट उभं राहायचं. मुलगा शाळेत जायला लागला आणि त्याच्या नादानं बघायला लागलो. सगळे नियम सांगत बसत नाही. बार्कली रनिंग बॅक आहे. रनिंग बॅक म्हणजे कबड्डीतला चढाईवाला समजा, फक्त ह्याला माघारी यायचं नसतं. चेंडू काखेत धरून अकरा जणांच्या हातून पुढंच निसटायचं असतं. किती यार्ड पुढं गेला, ते त्याच्या खात्यावर चढतं.

बार्कली ह्याच पेनसिल्व्हेनिया राज्यात वाढलेला, ॲलनटाऊनजवळचा. २०१८ मध्ये जायंट्सनी त्याला दुसऱ्या क्रमांकावर निवडलं. २०२० मध्ये गुडघ्याचा लिगामेंट फाटला, सावरून परत आला. पण गेली काही वर्षं इथल्या जाणकारांत एक मत घट्ट बसलं आहे, की रनिंग बॅकवर पैसा घालू नये. शरीर लवकर झिजतं, दुसरा कुणीही मिळतो. जायंट्सनी त्याला मनाजोगा करार दिला नाही. २०२४ च्या मार्चमध्ये ईगल्सनी तीन वर्षांसाठी पावणेअडतीस दशलक्ष डॉलरचा करार केला. तो फिलाडेल्फियाला गेला तर आपल्याला झोप लागणं कठीण होईल, असं जायंट्सचे मालक एका टीव्ही मालिकेत बोलून गेले होते. ते सगळ्या अमेरिकेनं पाहिलं.

हंगामाची सुरुवात ब्राझीलमध्ये साओ पावलोत झाली आणि पहिल्याच सामन्यात त्यानं तीन टचडाउन केले. दुसऱ्या सामन्यात अटलांटाविरुद्ध शेवटच्या मिनिटांत एक सोपा पास त्याच्या हातून सुटला आणि आम्ही २२-२१ असे हरलो. सामन्यानंतर त्यानं दोष स्वतःवर घेतला. पहिल्या चार सामन्यांत दोन विजय, दोन पराभव. मग एक आठवडा विश्रांती आणि त्यानंतर सलग दहा विजय.

त्या दहांतला जॅक्सनव्हिलविरुद्धचा सामना, ३ नोव्हेंबर. आखूड पास झेलून तो वळला, पहिल्याला हुलकावणी दिली, दुसऱ्याच्या हातातून गिरकी घेऊन सुटला. गिरकीमुळं त्याचं तोंड आता उलट्या दिशेला होतं आणि पाठीमागून तिसरा बचावपटू खाली वाकून पायांवर येत होता. बार्कलीनं मान वळवून पाहिलंसुद्धा नाही. तसाच, पाठमोरा, उडी मारून त्याच्यावरून गेला आणि पायांवर उतरला. माझा मुलगा सोफ्यावर उभा राहिला. आम्ही ती फीत इतक्या वेळा पाहिली, की बायकोनं टीव्ही बंद केला.

तीन आठवड्यांनी लॉस एंजेलिसमध्ये रॅम्सविरुद्ध २५५ यार्ड, त्यात एक धाव ७० यार्डांची आणि एक ७२ ची. डिकर्सननं आपला विक्रम केला तो ह्याच रॅम्सकडून खेळताना. बार्कलीच्या त्या सामन्यापासून २,१०५ हा आकडा शहरात सगळ्यांच्या तोंडी झाला. दवाखान्यात, किराणा दुकानात, ऑफिसच्या लिफ्टमध्ये. विक्रम मोडू नये अशीच आपली इच्छा आहे, हे डिकर्सननं मोकळेपणानं सांगितलं. त्याचं मला आवडलं. चाळीस वर्षं जपलेली गोष्ट माणसानं का म्हणून आनंदानं द्यावी?

एक गोष्ट इथं सांगायलाच हवी. हे यार्ड एकट्या बार्कलीचे नाहीत. त्याच्यापुढं पाच जणांची भिंत असते, ती समोरच्यांना रेटत वाट काढून देते. त्यातला जॉर्डन मायलाटा सिडनीचा, रग्बी खेळणारा. २०१८ मध्ये ईगल्सनी घेतला तेव्हा त्यानं अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना खेळलेला नव्हता. ह्या पाच जणांच्या नावावर कुठलाच आकडा चढत नाही. बार्कलीचा विक्रम झाला असता, तर तो त्यांचाही झाला असता.

२९ डिसेंबरला डॅलसचा ४१-७ असा धुव्वा उडवला आणि बार्कली दोन हजारांच्या पार गेला. त्याच संध्याकाळी मी ५ जानेवारीच्या सामन्याची दोन तिकिटं काढली. हिशेब साधा होता. हंगामभर तो सामन्याला सरासरी १२५ यार्ड धावत होता. १०१ हवे होते. समोर अवघे तीन सामने जिंकलेला जायंट्सचा संघ. मुलानं २६ नंबरची जर्सी धुऊन ठेवायला सांगितली.

आठवडा संपायच्या आत जाहीर झालं, की बार्कली खेळणार नाही. प्लेऑफसाठी संघाचा दुसरा क्रमांक पक्का झाला होता, वर जाणं नव्हतं, खाली येणं नव्हतं. प्लेऑफ, म्हणजे बाद फेरी, आठवड्यावर आलेली. धोका कशाला पत्करायचा, असं प्रशिक्षकांचं म्हणणं. बार्कलीनंही ते मान्य केलं.

त्या रात्री मी कोल्हापूरला आमच्या अण्णांना फोन केला. त्यांना ह्या खेळातलं काही कळत नाही, पण आकडा किती आणि राहिले किती, एवढं सांगितल्यावर ते ताबडतोब निंबाळकरांवर आले. भाऊसाहेब निंबाळकर आमच्या कोल्हापूरचे. डिसेंबर १९४८, पुण्याचं पूना क्लब, महाराष्ट्र विरुद्ध काठेवाड. निंबाळकर नाबाद ४४३. ब्रॅडमनचा विक्रम तेव्हा ४५२ चा. दहा धावा हव्या होत्या आणि काठेवाडच्या कर्णधारानं, राजकोटच्या ठाकूरसाहेबांनी, सामनाच सोडून दिला. निंबाळकर पुढं एकही कसोटी खेळले नाहीत. अण्णा ही गोष्ट सांगतात तेव्हा आजही त्यांचा आवाज चढतो, आणि ते तर तेव्हा जन्मलेलेही नव्हते.

"आरं, निंबाळकरांचं समोरच्यांनी अडवलं," ते म्हणाले. "तुझ्या ह्या गड्याचं तर घरच्यांनीच अडवलं की!"

मला मुलतान आठवलं. २००४, सचिन १९४ वर नाबाद आणि द्रविडनं डाव घोषित केला. त्या दिवशी मी द्रविडच्या बाजूनं भांडलो होतो. संघ आधी, माणूस नंतर, असं मित्रांना ठणकावून सांगितलं होतं. भारत तो सामना डावानं जिंकलाही. मग इथं मी उलट बाजूला का?

त्याचं उत्तर मला मैदानावर बसून मिळालं. ५ जानेवारीला कडाक्याची थंडी होती. बार्कली बाजूच्या रेषेवर बिनहेल्मेटचा, गरम कपड्यांत, बदली खेळाडूंना टाळ्या देत हिंडत होता. माझ्या शेजारी बसलेले वयस्कर गृहस्थ अनेक वर्षांचे ईगल्सवाले. प्लेऑफच्या तोंडावर मोडलेले गुडघे आपण किती पाहिलेत, ते त्यांनी मला बोटांवर मोजून दाखवलं. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पण मी मनात दुसराच हिशेब करत होतो. ह्या माणसाला हंगामात ३४५ वेळा चेंडू देऊन त्या भिंतीत घुसवलं, तेव्हा धोका नव्हता? डॅलसविरुद्ध एवढ्या एकतर्फी सामन्यात त्याला ३१ वेळा धावायला लावलं, तेव्हा गुडघ्याची काळजी कुणाला होती? संघाला हवं तेव्हा शरीर वापरायचं आणि त्या शरीराला स्वतःसाठी काही मिळवायची वेळ आली की जपायचं, हे कुठलं जपणं? मुलतानमध्ये सामना जिंकायचा बाकी होता. इथं त्या दिवशी हरलो असतो तरी गुणतक्त्यात काडीचा फरक पडणार नव्हता.

आणि पूर्ण सामना खेळवा असं कोण म्हणत होतं? पहिला अर्धा खेळू द्या. साठ यार्ड झाले तर पुढचं बघा, वीसच झाले तर बसवा. मधली वाट होती, ती कुणी घेतली नाही. बदली खेळाडूंनी तो सामना २०-१३ असा जिंकला. घरी येताना मुलगा गाडीत झोपी गेला.

दोन आठवड्यांनी, १९ जानेवारीला, त्याच मैदानावर बर्फ पडत होता आणि समोर पुन्हा रॅम्स होते. हा सामना आम्ही घरी पाहिला. रेषा दिसेनाशा झालेल्या, धावणारे घसरत होते. बार्कलीनं आधी ६२ यार्डांची धाव मारली. शेवटची पाच मिनिटं राहिली असताना चेंडू घेऊन तो डाव्या-उजव्या गर्दीतून निघाला आणि ७८ यार्ड थेट. त्या पांढऱ्या मैदानावर त्याचा पाय एकदाही सरकला नाही. त्या दिवशी २०५ यार्ड झाले, सामना २८-२२ असा जिंकला, आणि मी बायकोला म्हणालो, प्रशिक्षकांचंच बरोबर होतं, ही ताकद त्यांनी राखून ठेवली. मनापासून म्हणालो. वॉशिंग्टनला ५५-२३ हरवलं, तेव्हाही तसंच वाटलं.

९ फेब्रुवारीला सुपर बोल. त्याच दिवशी त्याचा अठ्ठाविसावा वाढदिवस. कॅन्सस सिटीनं सगळा जोर त्याला रोखण्यावर लावला. २५ धावांत त्याला ५७ यार्ड मिळाले, आणि त्यामुळं इतरांना मैदान मोकळं झालं. ईगल्स ४०-२२ नं जिंकले. नियमित हंगाम आणि प्लेऑफ मिळून त्याचे २,५०४ यार्ड झाले, टेरेल डेव्हिसचा १९९८ चा २,४७६ चा विक्रम मोडला. विक्रम झाला की, मग रडतोस कशाला, असं मला मित्र विचारतात.

त्याचं कारण त्याच्या पुढच्या हंगामात आहे. भिंतीतले खेळाडू दुखापतींनी हैराण झाले, वाटा मिळेनात, आणि बार्कलीला दोन हजारांच्या जवळपासही जाता आलं नाही. त्यात त्याचा दोष नाही. सगळं एकदम जुळून येणारं वर्ष माणसाला एकदाच मिळतं. विजेतेपदाची अंगठी संघाला मिळाली, पैसा क्लबला मिळाला, आनंद आम्हाला मिळाला. ज्याच्या पायांवर हे उभं राहिलं त्याला एक दुपार द्यायला हवी होती, असं मी आजही म्हणतो.

एका हंगामातल्या यार्डांच्या यादीत डिकर्सन पहिला आहे. बार्कली आठवा आहे. सातव्या क्रमांकावर २,००६ यार्डांचा क्रिस जॉन्सन आहे, म्हणजे एका यार्डानं पुढं.