ताप कशाचा?

मुलाचे अंग तापले की आई त्याच्या कपाळावर गार पाण्याची पट्टी ठेवते. ताप उतरतो, मूल डोळे उघडते आणि घराला हायसे वाटते. परंतु अनुभवी वैद्य तेवढ्यावर समाधान मानीत नाही. तो नाडी पाहतो, जीभ पाहतो, काल काय खाल्ले, पाणी कोठले प्यालास, असे नाना प्रश्न विचारतो. ताप हे मूळ दुखणे नव्हे. दुखण्याने मारलेली ती हाक आहे, हे त्याला ठाऊक असते. माणसाच्या शरीराला जे लागू, तेच यंत्रालाही लागू आहे. १९९६ च्या उन्हाळ्यात खोपोलीच्या एका लहानशा गॅरेजमधील तरुण मिस्त्रीला ही गोष्ट उमगली. पण ती उमगण्यापूर्वी त्याला एकच इंजिन दोनदा उघडावे लागले.

मुंबईहून पुण्याकडे जाणारा जुना रस्ता खोपोलीपर्यंत बराचसा सपाटीवरून जातो. पुढे मात्र सह्याद्री आडवा उभा राहतो. १८३० साली गाड्यांसाठी खुला झालेला बोरघाटाचा रस्ता येथून वळणे घेत चढू लागतो आणि सुमारे सहाशे मीटर उंचीवरील लोणावळ्याला पोहोचतो. २००२ साली द्रुतगती महामार्ग पूर्ण झाला. त्यापूर्वी दादर आणि पुणे यांच्या दरम्यान धावणाऱ्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी याच घाटातून दिवसरात्र चढत-उतरत असत. त्या बहुतेक प्रीमियर पद्मिनी जातीच्या. लोक त्यांना जुन्या सवयीने ‘फियाट’ म्हणत. वैशाख महिन्यात बॉनेट उघडून, वाफा सोडीत रस्त्याकडेला उभी असलेली एखादी फियाट आणि तिच्याजवळ पाण्याचा डबा घेऊन ताटकळलेला तिचा चालक, हे घाटातले नेहमीचेच दृश्य होते.

अशीच एक टॅक्सी मार्च महिन्यात त्या तरुण मिस्त्रीकडे ओढून आणण्यात आली. चालकाने ती कर्ज काढून घेतली होती. गाडी एक दिवस उभी राहिली तर घरातली चूल कशी पेटायची, ही चिंता त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होती. मिस्त्रीने तेल तपासण्याची पट्टी बाहेर काढली. काळसर, चकचकीत असावयाचे तेल दुधाच्या चहासारखे गढूळ झाले होते. इंजिन सुरू करताच मागच्या नळीतून पांढऱ्या धुराचा लोट निघाला. त्याने निदान केले, “हेड गॅस्केट जळले आहे.”

निदान चुकीचे नव्हते. इंजिनाचे दोन मोठे भाग असतात. खालच्या ठोकळ्यात सिलिंडर असतात आणि त्यांतून दट्टे खालीवर होतात. वरचे जाड झाकण म्हणजे हेड. या दोहोंमध्ये जी पातळ चकती दाबून बसविलेली असते, तिचे नाव गॅस्केट. स्वयंपाकघरातील कुकरच्या झाकणाखाली रबरी कडी असते ना, तिचेच हे बलाढ्य भावंड! परंतु कुकरच्या कडीला एकट्या वाफेला अडवावे लागते. गॅस्केटला तीन परस्परविरोधी शेजाऱ्यांना एकमेकांच्या घरात शिरू न देण्याचे कठीण काम करावे लागते. एक पेटलेला वायू, दुसरे इंजिन थंड ठेवणारे पाणी आणि तिसरे वंगणाचे तेल. सिलिंडरातील ज्वालेची उष्णता क्षणभर दोन हजार अंशांच्याही वर जाते आणि अॅल्युमिनियम तर ६६० अंशांनाच वितळते. तरीही इंजिन वितळत नाही, याचे श्रेय त्याच्या अंगातून अखंड फिरणाऱ्या पाण्याला आहे. पेट्रोल जळून निर्माण झालेल्या उष्णतेचा साधारण तिसरा हिस्सा हे पाणी वाहून नेते आणि पुढच्या बाजूच्या रेडिएटरमध्ये वाऱ्याच्या स्वाधीन करते.

मिस्त्रीने हेड उतरविले, जळके गॅस्केट काढून नवे घातले, तेल बदलले आणि पैसे घेतले. टॅक्सी पुन्हा धावू लागली. तीन आठवड्यांनी ती पुन्हा त्याच घाटात, त्याच चढावर वाफाळत उभी राहिली.

या खेपेस मिस्त्री अधिक सावध झाला. हेडवर पोलादी पट्टी उभी धरून तिच्याखाली जाडी मोजण्याचे पातळ पाते सरकवून त्याने पाहिले. हेड वाकले होते. वाकणे कितीसे? कागदाच्या एका पानाच्या जाडीइतके! पण गॅस्केटचा घात करण्यास तेवढे पुरेसे असते. या गाडीचे हेड अॅल्युमिनियमचे आणि ठोकळा ओतीव लोखंडाचा. उष्णतेने अॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगते. इंजिन प्रमाणाबाहेर तापले की हेड पसरू पाहते, खालचा लोखंडी ठोकळा आणि घट्ट बोल्ट त्याला पसरू देत नाहीत आणि या ओढाताणीत ते वाकते. मिस्त्रीने हेड यंत्रावर घासून सपाट करून आणले. बोल्ट मधून कडेकडे, ठरलेल्या क्रमाने आणि ठरलेल्या जोराने आवळले. एवढे निगुतीने काम केल्यावर आता काही उरले नाही, असे त्याला वाटले.

मे महिन्यात टॅक्सी तिसऱ्यांदा तापली. त्या दिवशी गाडीत एक वृद्ध बाई होती. तिच्या मुलावर पुण्याच्या रुग्णालयात शस्त्रक्रिया व्हावयाची होती. वाफेचा पहिला वास येताच चालकाने इंजिन बंद केले, बाईला हात देऊन मागून येणाऱ्या एस. टी. मध्ये बसवून दिले आणि तिचे पैसे परत केले. मग उतारावरून गाडी तशीच घरंगळत त्याने गॅरेजपर्यंत आणली.

तो रागावला नाही. “मिस्त्री, आता तुम्हीच सांगा, मी काय करू?” एवढेच तो म्हणाला. तरुणाला ते शब्द शिव्यांपेक्षाही जड वाटले. आपल्या हातालाच यश नाही, असे त्याच्या मनाने घेतले. “दादा, पैसे नकोत, मी पुन्हा हेड उघडतो,” असे म्हणून त्याने पाना उचलला.

इतक्यात दाराशी बाकावर बसलेले त्याचे उस्ताद उठले. त्यांनी आयुष्यभर गाड्या दुरुस्त केल्या होत्या. आता हात कापत असल्यामुळे त्यांनी काम शिष्यावर सोपविले होते.

“पोरा, पाना खाली ठेव,” ते म्हणाले. “दोनदा उघडलेस, पण गाडीला एकदा तरी काही विचारलेस का?”

मग ते चालकाकडे वळले. “मुंबईच्या गर्दीत गाडी तापते का?”

“नाही, उस्ताद.”

“पनवेलपासून खोपोलीपर्यंत?”

“कधीच नाही.”

“पुण्याहून घाट उतरताना?”

“नाही. फक्त चढताना.”

इंजिन थंड झाल्यावर उस्तादांनी रेडिएटरचे झाकण उघडावयास सांगितले. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडले तर उकळते पाणी उसळून तोंड भाजते, हे ते शिष्याला नेहमी बजावीत. कमी झालेले पाणी भरून इंजिन सुरू केले. गॅस्केट फुटले असते, तर पेटलेला वायू पाण्यात शिरून बुडबुडे सारखे उसळत राहिले असते. पाणी शांत होते. तेल स्वच्छ होते. चारही प्लग काढून पाहिले; सर्वांचा रंग सारखा. एखाद्या सिलिंडरात पाणी गेले असते तर त्याचा प्लग धुतल्यासारखा दिसला असता. पंख्याचा पट्टाही घट्ट होता.

“तुझे काम उत्तम आहे,” उस्ताद शिष्याला म्हणाले. “गॅस्केट अजून निर्दोष आहे. मग गाडी तापते कशाने? सपाटीवर इंजिनाला श्रम थोडे आणि वारा भरपूर. गर्दीत वारा कमी, पण श्रमही कमी. घाटात मात्र श्रम पुरेपूर आणि वेग मंद. म्हणजे उष्णता सर्वांत जास्त निर्माण होते, तेव्हाच ती बाहेर पडत नाही. आता ती कोठे अडते, ते पाहू.”

टॅक्सी घाटाच्या पहिल्या चढापर्यंत नेऊन आणली. इंजिन बंद करून पंखा थांबल्यावर उस्तादांनी शिष्याला रेडिएटरच्या जाळीवर हलकेच तळहात फिरविण्यास सांगितले. वरचा भाग चटका देत होता. कडेच्या नळ्याही गरम होत्या. पण मधला मोठा पट्टा हाताला चक्क गार लागला! तरुण चमकला. ज्या नळ्यांतून गरम पाणी वाहते, त्या गरम असणारच. ज्या गार, त्यांतून पाणी वाहतच नव्हते.

रेडिएटर उतरवून रेडिएटरवाल्याकडे नेला. त्याने वरची टाकी उघडून नळ्यांतून सळई फिरविली, तेव्हा तांबूस गाळ आणि पांढऱ्या क्षाराच्या खपल्या बाहेर पडल्या.

“पाणी कोठले घालता?” उस्तादांनी विचारले.

चालक ओशाळला. “जिथे मिळेल तिथले. घरी असलो म्हणजे बोअरिंगचे.”

कोडे सुटले. जड पाण्यातील क्षार वर्षानुवर्षे नळ्यांत साचत गेला होता. त्यामुळे पाण्याची वाट अडली, म्हणून घाटात इंजिन तापले. तापले म्हणून हेड वाकले. वाकले म्हणून गॅस्केट जळले. दोन्ही खेपांना मिस्त्रीने दुरुस्त केला तो या साखळीचा शेवटचा दुवा. पहिला दुवा तसाच होता, म्हणून साखळी पुन्हा जुळत होती.

दुसऱ्या दिवशी स्वच्छ रेडिएटर आणि मऊ पाणी घेऊन टॅक्सी घाट चढली. चालकाच्या शेजारी तरुण मिस्त्री बसला होता. दोघेही एक शब्द बोलत नव्हते. त्यांचे कान इंजिनाकडे लागले होते. जेथे वाफ यावयाची, ते वळण मागे पडले. शिंगरोबाच्या देवळापाशी चालकाने नित्याप्रमाणे हात जोडले. खंडाळा आले, आणि मग कोठे त्याने मोकळा श्वास घेतला.

परतल्यावर मिस्त्रीने पहिल्या दोन्ही दुरुस्त्यांचे पैसे त्याच्यापुढे ठेवले. “दादा, मी रोग न ओळखताच औषध दिले,” तो म्हणाला. चालकाने निम्मे पैसे उचलले आणि निम्मे परत सरकविले. “ते पाणी तर मीच ओतले होते ना, मिस्त्री!”

त्या टॅक्सी आता राहिल्या नाहीत. मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. आजच्या गाड्यांत इंजिन तापताच चालकासमोर तांबडा दिवा लागतो. तो दिवा अत्यंत उपयोगी आहे. परंतु तोही ताप आला आहे एवढेच सांगतो. ताप कशाचा, हा प्रश्न मात्र माणसालाच विचारावा लागतो. गणित पुन्हापुन्हा चुकत असेल, मित्राशी पुन्हापुन्हा भांडण होत असेल, तर उत्तर खोडून नवे लिहिण्यापूर्वी, रुसवा काढण्यापूर्वी, क्षणभर पाना खाली ठेवावा आणि कोठला भाग गार लागतो, ते हात फिरवून पाहावे.