चौथा पाद

चिकित्सेचे पाद चार, असें चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत नवव्या अध्यायांत सांगितलें आहे: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. प्रत्येकाचे चार चार गुणही तेथें मोजले आहेत. वैद्याच्या गुणांची चर्चा आपल्या घरांतून पुष्कळ होते, औषधाच्या किंमतीची त्याहून अधिक. परंतु रोग्याच्या अंगीं कोणते गुण असावेत असें विचारलें तर बहुतेक गृहस्थ स्तब्ध राहतील. ते गुण असे: स्मृति, वैद्याच्या सांगण्याप्रमाणें वागणें, निर्भयता आणि ज्ञापकत्व. हा शेवटचा शब्द मोठा मार्मिक आहे. आपल्याला काय होत आहे तें सांगतां येणें, म्हणजे ज्ञापकत्व. आजारी मनुष्य हें औषध ओतण्याचें नुसतें पात्र नव्हे. त्यानें सांगितल्यावांचून उरलेले तिन्ही पाद लंगडे पडतात. आणि आपल्या एकत्र कुटुंबांत दीर्घ दुखणें शिरलें म्हणजे पहिला आघात होतो तो याच गुणावर.

तीन वर्षांपूर्वीं माझ्या धाकट्या भावाच्या सुनेला फुफ्फुसाचा क्षय झाला. वय सत्तावीस, पदरीं दोन वर्षांचा मुलगा, नवरा नोकरीनिमित्त बंगळुरास. औषध सहा महिन्यांचें आहे व तें नेमानें घेतल्यास रोग बहुधा समूळ जातो, हें डॉक्टरांनीं पहिल्याच दिवशीं सांगितलें. परंतु ऐकणाऱ्यांच्या कानांत ‘क्षय’ एवढाच शब्द घुमत राहिला.

घरानें सेवेंत कसूर केली असें मात्र कोणी म्हणूं नये. ज्या स्वयंपाकघरांत चातुर्मासांत कांदाही वर्ज्य, त्याच्या मागल्या पडवींत अंडीं उकडण्यासाठीं वेगळी शेगडी मांडली गेली, आणि ती मांडण्याचा हुकूम खुद्द आमच्या वृद्ध मातोश्रींनीं सोडला! पण त्याच दिवशीं सुनेचा पेला वेगळा झाला, ताट वेगळें झालें, आणि थंडी बाधूं नये म्हणून तिच्या खोलीची एकुलती खिडकी घट्ट लावण्यांत आली. वस्तुतः हा रोग पेल्यानें पसरत नाहीं, खोकल्यावाटे हवेंतून पसरतो. म्हणजे जें निरुपद्रवी तें आम्ही दूर ठेवलें आणि जी उघडी हवी ती खिडकी बंद केली. मुलाला तपासून प्रतिबंधक गोळ्या सुरू झाल्या, आणि तो आमच्या खोलींत निजूं लागला. नणंदेच्या लग्नाच्या वाटाघाटी चालू होत्या, म्हणून आप्तेष्टांना ‘विषमज्वर’ असें कळविण्यांत आलें.

या लपवाछपवीचें मूळ फार जुनें आहे. दक्षाच्या शापानें चंद्राला क्षय जडल्याची कथा चरकानेंही राजयक्ष्म्याच्या अध्यायांत दिली आहे, आणि तींत रोगाचें कारण चंद्राची विषयासक्ति. रॉबर्ट कॉखनें २४ मार्च १८८२ रोजीं बर्लिन येथें या रोगाचा जंतु जाहीर केला; तरी शापाची छाया आपल्या उंबरठ्यावरून अद्याप हटलेली नाहीं.

डॉक्टरांकडे तिला घेऊन जाई माझा भाऊ. डॉक्टर तिला विचारीत, “कसं वाटतं?” आणि उत्तर सासऱ्याचें येई, “बरी आहे. आतां खाते-पिते.” सुनेनें सासऱ्यादेखत आणखी काय बोलावें? त्यांत उद्धटपणा नव्हता कीं निष्काळजीपणा नव्हता. आमच्या घरची रीतच तशी.

तिसऱ्या आठवड्यांत अंथरूण बदलतांना माझ्या पत्नीला उशीच्या अभ्र्यांत बारा गोळ्या सांपडल्या. रोजच्या तीन, म्हणजे चार दिवसांच्या.

“अगं, हें काय?”

मुलगी आधीं बोलेना. मग म्हणाली, “काकू, या गोळ्यांनीं मला आंतून रक्त जातंय. लघवी लाल होते. कुणाला सांगूं?”

तें रक्त नव्हे. रिफाम्पिसिन नांवाचें जें मुख्य औषध त्यांत असतें, त्यानें लघवी, घाम आणि अश्रूसुद्धां तांबूस होतात. त्यांत भय कांहींच नाहीं. डॉक्टरांनीं हें सांगितलें होतें, परंतु सासऱ्याला! आणि सुनेशीं असल्या गोष्टी कशा बोलाव्या, या संकोचानें माझ्या भावानें तें वाक्य वाटेंतच सोडून दिलें होतें. चार दिवस ती मुलगी आपण मरणार असें समजून गप्प पडून होती. औषधांत खंड पडला तर जंतु त्याला दाद देईनासे होतात, हें ध्यानांत घेतां तो संकोच किती महाग पडला असता तें वाचकांनींच पाहावें.

पुढल्या खेपेपासून ती डॉक्टरांकडे एकटी आंत जाऊं लागली. पत्नी बाहेर बांकावर बसे. एका वहींत ती वजन, ताप, मळमळ लिहून ठेवी आणि प्रश्नही. “मुलाला जवळ केव्हां घेऊं?” हा त्या वहींतला पहिला प्रश्न. योग्य औषध सुरू झाल्यावर कांहीं आठवड्यांतच संसर्गाचा जोर बहुधा ओसरतो, असें उत्तर मिळालें, आणि खिडकी उघडी ठेवा असेंही. याला चांगला आधार आहे. मद्रास येथें १९५६ सालीं १९३ रोग्यांवर प्रयोग सुरू झाला. कांहींना आरोग्यधामांत ठेवलें, कांहींना दाटीवाटीच्या घरींच औषध दिलें. १९५९ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाले. घरचेही जवळजवळ तितकेच बरे झाले, आणि त्यांच्या घरच्या माणसांना अधिक बाधा झाली नाहीं. हें मीं घरांत दोनदां वाचून दाखविलें. पेला तरी वेगळाच राहिला. मातोश्रींपुढें मद्रासचें कांहीं चाललें नाहीं. असो.

सहा महिन्यांनीं थुंकी स्वच्छ आली व औषध थांबलें. नणंदेचें लग्नही झालें. सून पूर्ववत् स्वयंपाक करते, आणि घरांत कोणी आजारी पडलें तर “त्यांनाच विचारा ना,” असें स्पष्ट सांगते. माझ्या भावाला तें अजून थोडें खटकतें. मुलगा आतां पांच वर्षांचा आहे. पावसांत भिजून आला कीं डोकें पुसून घ्यायला अजून तो आधीं आमच्या खोलींत येतो. आपल्या दारांत पंचा घेऊन उभी असलेली आई त्याला दिसते ती मागाहून.