येळवशीला लाल होणारं झाड

मार्गशीर्षातली थंडी बालाघाटाच्या माथ्यावरून पहाटे धाराशिवात उतरते आणि ऊन चढलं की निघूनही जाते. त्या थंडीत आमच्या परसातलं पॉइन्सेटिया लालभडक झालेलं असतं. जगभर ते नाताळचं झाड. आमच्या घरी मात्र ते येळवशीचं झाड आहे.

वेळअमावास्येला, म्हणजेच येळवशीला, आमच्याकडे घराला कुलूप असतं, माणसं शेतात. ज्वारीत कडब्याची कोप, कोपीत चुन्यानं रंगवलेले पांडव, भज्जी, बाजरीचे उंडे, माठातलं आंबील. त्या दिवशी मी या झाडाची एक फांदी तोडून नेते आणि कोपीच्या तोंडाशी रोवते. अशी काही रीत नाही, पण हिरव्यागार ज्वारीत तेवढा लाल ठिपका लांबून दिसला की मला सण पुरा झाल्यासारखा वाटतो. फांदी तोडली की पांढरा चीक ठिबकतो. एरंडाच्या कुळातलं झाड ते. तोडलेलं टोक दिव्याच्या ज्योतीवर क्षणभर धरलं की चीक थांबतो आणि फांदी संध्याकाळपर्यंत तग धरते. हात मात्र लगेच धुवावेत, अंगाला खाज सुटते.

जवळ जाऊन पाहिलं तर कळतं, लाल दिसतं ते फूल नव्हेच, ती पानं. खरी फुलं मधोमध, हरभऱ्याच्या दाण्याएवढी, हिरवट. प्रत्येकाच्या कडेला ओठासारखी एक पिवळी वाटी आणि तिच्यात मधाचा थेंब. सकाळी मुंग्यांची तिथं रीघ लागते.

मूळचं हे मेक्सिकोचं. अमेरिकेचे तिथले पहिले राजदूत जोएल पॉइन्सेट यांनी १८२८ च्या सुमारास ते आपल्या देशात नेलं, म्हणून हे नाव. आपला दसऱ्याचा झेंडूही मेक्सिकोचाच, त्याला आपण कधीच परका मानलं नाही. मग याला तरी का मानावं?

या झाडाला लाल व्हायला हवी असते लांब, सलग, काळीकुट्ट रात्र. घट बसतात त्या सुमारास रात्र दिवसापेक्षा मोठी होऊ लागते आणि तेव्हापासून झाड आत तयारी करतं. दोन-अडीच महिन्यांनी रंग बाहेर येतो. चांदण्यानं त्याचं काही बिघडत नाही, दिव्यानं बिघडतं. आमच्या गल्लीत खांबावर नवा पांढरा दिवा लागला, त्या वर्षी भिंतीकडच्या फांद्या लाल झाल्या आणि रस्त्याकडच्या हिरव्याच राहिल्या. मी खत घातलं, पाणी वाढवलं, औषध फवारलं. कशानं काही झालं नाही. पुढच्या वर्षी दसऱ्यापासून रोज दिवेलागणीला त्या बाजूला जुनं घोंगडं बांधलं, सकाळी सोडलं. नाताळापर्यंत तीही बाजू लाल झाली.

विकत घ्यायचं तर घाई करू नका. मधल्या कळ्या मिटलेल्या असतील ते रोप घ्या. पराग गळायला लागला असेल तर त्याची लाली थोड्या दिवसांची. पानं बुडापर्यंत हिरवी हवीत. पान उलटं करून बघा. पांढरी माशी कशी दिसते ते भेंडी आणि कापूस करणाऱ्याला सांगायला नको. माती ओली आणि तरी पानं मलूल, तर मुळं कुजली समजा. कुंडीभोवतीचा चकचकीत कागद घरी येताच काढून टाका, त्यात पाणी साचतं. रोप बुटकं दिसतं ते औषधानं रोखलेलं असतं. जमिनीत लावलंत तर पुरुषभर उंची सहज गाठतं.

आपली काळी माती पाणी धरून ठेवते आणि या झाडाला पाय ओले ठेवलेले खपत नाहीत. खड्ड्यात मुरूम आणि मुरलेलं शेणखत घालावं. लाली उतरली की छाटणी, पेन्सिलीएवढ्या जाडीच्या फांद्या लावायच्या, आणि पुढं शेंडे खुडत राहायचं, हरभऱ्याचे खुडतो तसे. जितके शेंडे खुडाल तितके फुटवे. पोळा झाला की मात्र कात्री बंद. त्यानंतर कापलं तर येळवशीला झाड लाल होत नाही.

फाल्गुनात मी झाड छाटते. कापलेल्या फांद्या या वर्षी फाटकाबाहेरच्या कट्ट्यावर ठेवणार आहे. ज्यांना हव्यात त्यांनी न्याव्यात. लावताना फक्त एवढं बघा, खांबाच्या दिव्याचा उजेड तिथवर पोचत नाही ना.