शेरूला इथं सोडू नका

सेक्टर 6, भिलाई

चि. छोटीस,


काल फोनवर म्हणालीस, "आत्या, शेरूला चौकीदाराकडे सोडू या. कुत्रंच ते, आठवडाभरात विसरेल." तेव्हा काही बोलले नाही, पण रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. दादा रिटायर होतोय, क्वार्टर सोडावं लागणार, पुण्याचा फ्लॅट लहान, सगळं कळतं गं. पण "विसरेल" हे तू म्हणावंस? बारावीला कावीळ झाली तेव्हा तुझ्या खाटेखालून कोण हलत नव्हतं?

दादाची ड्यूटी आठव. कधी ए शिफ्ट, कधी बी, कधी सी. घड्याळाची सवय म्हणावी, तर वेळच ठरलेली नाही. तरी स्कूटर वळणावर यायच्या आत शेरू फाटकाशी हजर. सगळे म्हणायचे, याला आतून कळतं. मी मुद्दाम लक्ष ठेवलं. वहिनी तवा चढवायला उठली की हाही उठायचा. दादा ओव्हरटाइमला थांबल्याचा फोन आला, की वहिनी बसून राहायची आणि हाही. त्याची सगळी विद्या ती हीच, वहिनीकडे बघण्याची. आपण घरातली माणसं तरी एकमेकांकडे इतकं बघतो का?

आणि हे एकट्या शेरूचंच नाही. कोलकात्याच्या आयसर संस्थेत अनिंदिता भद्रा आणि त्यांचे विद्यार्थी रस्त्यावरच्या कुत्र्यांचा अभ्यास करतात. दोन भांडी ठेवून त्यांनी एकाकडे नुसतं बोट दाखवलं. काही कुत्री भिऊन लांबच राहिली, पण जी जवळ आली त्यांतली बहुतेक बोटाच्या दिशेनं गेली, कुणी शिकवलेलं नसताना! बुडापेस्टला आदाम मिक्लोशींच्या गटानं 2003 मध्ये माणसांत वाढलेले लांडगे आणि कुत्री, दोघांपुढे न सुटणारा खाऊ ठेवला. लांडगे झटत राहिले. कुत्र्यांनी थोडी खटपट केली आणि मागे वळून माणसाच्या तोंडाकडे पाहिलं. छोटे, बंद क्वार्टरच्या दाराशी शेरू असाच मागे वळून बघेल, तेव्हा तिथं कोण असणार आहे?

इथं रशियन इंजिनिअर स्टील प्लांट उभारत होते, त्याच काळात, 3 नोव्हेंबर 1957 ला, त्यांच्या देशानं मॉस्कोच्या रस्त्यावरची लायका अंतराळात धाडली. परत आणायची सोयच नव्हती. शांत, विश्वासानं अंगाला हात लावू देणारं जनावर. तिला तयार करणाऱ्या ओलेग गाझेंकोंनी 1998 मध्ये खेद बोलून दाखवला. एकेचाळीस वर्षांनी!

दादाला यातलं काही सांगू नकोस. तो आधीच जेवत नाहीये, आणि तो पानावरून उठला की शेरूही उठतो. फर्स्ट एसीचं पूर्ण कुपे मिळालं तर कुत्रं सोबत नेता येतं, तेवढं दुर्गहून आत्ताच बघून ठेव. ब्रेकव्हॅनच्या पेटीत घालू नका, मे महिन्याचा आपल्याकडचा उन्हाळा तुला माहीत आहे. तिकीट नाहीच जमलं तर पावसाळ्यापर्यंत मी सांभाळीन, पण मग दादानं रोज फोनवर त्याला हाक मारली पाहिजे. शेरूच्या गुडघ्याच्या गोळ्या वहिनीच्या कपाटात आहेत म्हणे, त्यांची नावं मला लिहून पाठव. आणि फ्लॅटला लिफ्ट आहे ना? जिने आता त्याला चढवत नाहीत.

तुझी,
आत्या