फाशांवर आलेला आळ

१/ १५ ऑगस्ट १९७९. अमेरिकेतील मिशिगन स्टेट विद्यापीठातून १६ वर्षांचा एक कुशाग्र विद्यार्थी नाहीसा झाला. तो 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळत असे, एवढेच निमित्त पुरले.

२/ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा हा खेळ १९७४ मधला. फासे, कागद, पेन्सिल. प्रत्येकाने एक पात्र व्हायचे आणि सर्वांनी मिळून गोष्ट रचायची.

३/ कुटुंबाने नेमलेल्या खासगी गुप्तहेराने शंका मांडली : मुलगा विद्यापीठाखालच्या वाफेच्या बोगद्यांत खेळताना हरवला असावा. वृत्तपत्रांनी शंकेचीच बातमी केली.

४/ महिन्याभराने तो लुइझियानात सापडला. बोगद्यांत तो गेला होता खरा; पण खेळायला नव्हे, जीव नकोसा झाला म्हणून. पुढच्याच वर्षी त्याने जीवन संपवले. गुप्तहेराने खरी हकीकत पुस्तकात सांगितली, ती १९८४ मध्ये.

५/ तोवर ग्रह पक्का झाला होता. १९८२ च्या 'मेझेस अँड मॉन्स्टर्स' या दूरचित्रपटात टॉम हँक्सने भ्रमिष्ट होणारा खेळाडू रंगवला. १९८३ मध्ये मुलगा गमावलेल्या एका आईने खेळाविरुद्ध संघटना उभारली. खेळणारी मुले सैतानपूजक म्हणून हिणवली गेली. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीतून प्रकाशकांनी 'डेमन' आणि 'डेव्हिल' हे शब्दच गाळले.

६/ शब्द गाळणे सोपे होते. त्या मुलाला काय सलत होते, हे विचारणे अवघड. आणि बुजऱ्या, एकाकी मुलांना जिथे सोबती भेटत, नेमके तेच मेज संशयाचे धनी ठरले.