पांच किलोंचा प्रश्न

वजन हा जमिनीवर राहणाऱ्या माणसाच्या चिंतेचा विषय क्वचितच होतो. बाजारांतून येतांना पिशवी जड झाली तर हात बदलावा, प्रवासाला निघतांना ट्रंक जड झाली तर हमाल करावा, आणि स्वतःचेंच वजन वाढलें तर वैद्याकडे जाणें शक्य तितकें लांबणीवर टाकावें, इतक्यांत आपलें भारशास्त्र संपतें. हवेंत उडूं पाहणाऱ्या माणसाची गोष्ट मात्र निराळी आहे. त्याच्या हिशेबीं प्रत्येक जिन्नसाचें वजन हें कर्ज असतें, आणि त्याचें व्याज पेट्रोलच्या रूपानें दर मिनिटाला भरावें लागतें. राइट बंधूंनीं १७ डिसेंबर १९०३ रोजीं पहिलें उड्डाण केलें, त्या वेळीं त्यांचें एंजिन सुरू करण्यास कोरड्या बॅटऱ्या वापरीत. परंतु एंजिन चालूं लागलें कीं त्या बॅटऱ्या जमिनीवरच राहत, आणि पुढील ठिणगीचें काम विमानावरील मॅग्नेटो करी. बॅटरी जवळ पाहिजे, पण तिचें ओझें नको, ही वैमानिकाची अडचण अशी विमानाच्या जन्मापासूनची आहे.

हें सारें आठवण्याचें कारण असें कीं, गेल्या उन्हाळ्यांत आम्ही अमेरिकेंतील विस्कॉन्सिन राज्यांत आमच्या भाच्याकडे दोन महिने राहिलों होतों. आणि त्या घरांत बॅटरी ह्या एका विषयावर जितका खल झाला, तितका आम्ही तीस वर्षें कॉलेजांत विद्युत्शास्त्र शिकविलें तरी आमच्या वर्गांत कधीं झाला नाहीं. भाचा धंद्यानें इंजिनियर. परंतु त्याचा खरा संसार घराला लागून असलेल्या गॅरेजांत चालतो. तेथें गेलीं सात वर्षें, संध्याकाळीं आणि सुटीच्या दिवशीं, ॲल्युमिनियमच्या पत्र्यांना भोंकें पाडून व रिव्हेट ठोकून त्यानें दोन माणसांचें एक विमान उभें केलें आहे. आपल्याकडे ही गोष्ट ऐकून लोक प्रथम हंसतात व मग भितात. तिकडे तिचें कोणाला नवल नाहीं. बांधणीचा अर्ध्याहून अधिक भाग हौशी माणसानें स्वतः, शिक्षणासाठीं किंवा करमणुकीसाठीं केला असेल, तर त्या विमानाला तेथील कायदा ‘एक्स्पेरिमेंटल’, म्हणजे प्रायोगिक, ह्या वर्गांत उडण्याची परवानगी देतो. अशा लोकांची एक्स्पेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन ही संस्था १९५३ सालीं त्याच राज्यांत निघाली, आणि दर वर्षीं जुलैच्या अखेरीस ऑशकॉश गांवीं तिची जत्रा भरते, तेव्हां त्या भागांत हजारों विमानें उतरतात. आपल्या महाराष्ट्रांतहि हा नाद अगदींच अपरिचित नाहीं. वैमानिक अमोल यादव ह्यांनीं कांदिवलीस इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचें विमान बांधलें. २०१६ सालीं मुंबईच्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनांत तें लोकांनीं पाहिलें, २०१७ सालीं त्याची नोंदणी झाली आणि २०१९ सालीं उड्डाणाचा परवाना मिळाला.

आमच्या भाच्याचें विमान पुरें होत आलें होतें, आणि आतां त्यांत कोणती बॅटरी बसवावी हा प्रश्न उरला होता. नेहमींची शिशाची बॅटरी सात किलोंची. एंजिन फिरविण्याचें तेंच काम करणारी लिथियमची बॅटरी दोन किलोंच्या आंत. त्याचें मन अर्थातच दुसरीकडे ओढत होतें. आमची धाकटी बहीण, म्हणजे त्याची आई, त्याच्याजवळच राहते. तिनें एके दिवशीं आम्हांस स्वयंपाकघरांत गांठलें.

“दादा, तूं जन्मभर विजेचें शिकविलेंस. ह्या लिथियमच्या बॅटऱ्या फोनांत पेट घेतात म्हणे. २०१६ सालीं तर एक फोन विमानांत आणूंच नये असा हुकूम निघाला होता. तीच वस्तु हा स्वतःच्या पायांपुढें ठेवून उडणार, आणि पुढेंमागें मलाहि शेजारीं बसविणार. पांच किलोच कमी करायचे तर म्हणावें रात्रींचा दुसरा भात सोड. काय खरें असेल तें तूं त्याला स्पष्ट सांग.”

भाताविषयींची सूचना शास्त्रदृष्ट्या बिनतोड होती. परंतु तिच्या भीतीकडे नुसतें हंसून पाहणेंहि योग्य झालें नसतें, कारण ती निराधार नव्हती. ७ जानेवारी २०१३ रोजीं अमेरिकेंत बोस्टनच्या विमानतळावर उभ्या असलेल्या एका बोइंग ७८७ विमानांतील लिथियमच्या बॅटरीनें पेट घेतला; आठवडा उलटतो न उलटतो तोंच, १६ जानेवारीस, त्याच जातीच्या दुसऱ्या विमानाला बॅटरी बिघडल्यामुळें जपानांत ताकामात्सु येथें घाईनें उतरावें लागलें. जगांतील त्या जातीचीं सर्व, म्हणजे पन्नास, विमानें जमिनीवर बसविण्यांत आलीं, आणि एप्रिल उजाडेपर्यंत तीं उठलीं नाहींत. बोस्टनच्या आगीची चौकशी झाली, तींत असें ठरलें कीं, बॅटरीच्या आठ घटांपैकीं एकांत आंतल्या आंत विद्युत्प्रवाहाला आडवाट फुटली, तो घट तापला, आणि त्याची उष्णता शेजाऱ्यांस लागत गेली. त्यावर जो उपाय योजिला तो ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. घटांच्या रचनेंत व देखरेखींत सुधारणा तर केलीच. परंतु त्यावरहि विसंबून न राहतां सबंध बॅटरी पोलादी पेटींत कोंडली, आणि त्या पेटींतून धूर व वायु थेट विमानाबाहेर नेणारी नळी बसविली.

तथापि लिथियम हें एका कुटुंबाचें आडनांव आहे, एका व्यक्तीचें नांव नव्हे. त्या मोठ्या विमानांतील घटांत लिथियमच्या जोडीला कोबाल्टचा ऑक्साइड होता. हा पदार्थ फार तापला म्हणजे स्वतःमधील प्राणवायु मोकळा करतो, आणि आग विझविण्याऐवजीं तिला आंतून खाद्य पुरवितो. हौशी विमानांसाठीं ज्या बॅटऱ्या विकल्या जातात त्यांत बहुधा लोह आणि फॉस्फेट असतें. फॉस्फेटांत प्राणवायु फॉस्फरसाशीं इतका घट्ट बांधलेला असतो कीं तो सहजीं सुटत नाहीं. कोबाल्ट आणि लोह-फॉस्फेट ह्या दोन्ही शोधांवर जॉन गुडइनफ ह्या एकाच शास्त्रज्ञाची छाप आहे. पहिला १९८० सालचा, दुसरा १९९७ सालीं प्रसिद्ध झालेला. २०१९ सालीं त्यांना नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला, तेव्हां त्यांचें वय ९७ वर्षांचें होतें. मात्र लोह-फॉस्फेटच्या घटांतहि पेटूं शकणारा सेंद्रिय द्रव असतोच. तेव्हां ‘ही बॅटरी पेटत नाहीं’ असें म्हणणें हा विक्रेत्याचा आशावाद होय. ‘ही सहसा पेटत नाहीं’ इतकेंच शास्त्र म्हणूं शकतें.

आतां पांच किलोंनीं साधतें काय? तितक्याच वजनाचें पेट्रोल सुमारें सात लिटर, म्हणजे त्या विमानाचें दहाबारा मिनिटांचें उड्डाण. पण वजन जितकें महत्त्वाचें तितकीच त्याची जागाहि महत्त्वाची. भाच्याचें रिकामें विमान सुमारें पांचशें किलोंचें, आणि बॅटरीची जागा गुरुत्वमध्याच्या पुढें एक मीटर. तेथून पांच किलो उचलले कीं गुरुत्वमध्य एक सेंटिमीटर मागें सरकतो. एक सेंटिमीटर म्हणजे करंगळीच्या नखाएवढें अंतर. परंतु शेजारीं माणूस बसून मागें सामान ठेवलें, तर मर्यादा तेवढ्यानेंहि ओलांडली जाऊं शकते. म्हणून तीन चाकांखालीं तीन काटे ठेवून सर्व हिशेब पुन्हां मांडावा लागतो. बर्ट रुटन ह्यांच्या लाँग-ईझी ह्या विमानाचें एंजिन मागें असतें, म्हणून बॅटरी नाकांत ठेवून तोल साधतात. तेथें हलकी बॅटरी घालणाऱ्यावर वाचविलेलें वजन शिशाच्या रूपानें पुन्हां नाकांत भरण्याची पाळी येऊं शकते. काटकसर करून वाचविलेला पैसा दुसऱ्या खिशांतून गेल्यासारखेंच हें!

परंतु आमच्या मतें खरा मुद्दा आगीचाहि नव्हे आणि तोलाचाहि नव्हे. कित्येक कचेऱ्यांत एखादा जुना कारकून असतो. तो संथ असतो, जागा फार अडवितो. पण साहेबाची रागाची चिठ्ठी, दुसऱ्याची बेरजेंतली चूक, हें सर्व तो मुकाट्यानें पोटांत घालतो. तो पेन्शनीत निघतो आणि त्याच्या खुर्चीवर चपळ, नेमस्त, नियमाबाहेर पाऊल न टाकणारा तरुण येतो. तेव्हां कोठें इतरांना कळूं लागतें कीं, आपल्या किती चुका तो म्हातारा झांकीत होता. शिशाची बॅटरी हा तो जुना कारकून आहे. विमानांतील वीज उत्पन्न करणारें यंत्र, म्हणजे आल्टर्नेटर, साधारण सव्वाचौदा व्होल्टांवर चालतें. त्याचा नियामक बिघडला आणि दाब भलताच वाढूं लागला, तर शिशाची बॅटरी कांहीं वेळ तो जास्तीचा प्रवाह गिळते. तापते, उकळते, पण बाकीच्या यंत्रांवर येणारें संकट लांबविते. लिथियमच्या बॅटरीच्या पोटांत घटांची राखण करणारें एक विद्युन्मंडळ असतें. दाब मर्यादेबाहेर गेला कीं तें घटांना वांचविण्यासाठीं त्यांना बाजूस तोडूं शकतें. बॅटरी वांचते, परंतु मोकाट सुटलेला आल्टर्नेटर आणि नाजुक यंत्रें ह्यांच्यामध्यें मग कोणीच उरत नाहीं.

म्हणून आम्हीं भाच्याला एकच प्रश्न विचारला. “ही बॅटरी तीन हजार फुटांवर एकाएकीं नाहींशी झाली असें समज. मग काय काय बंद पडेल?”

तो म्हणाला, “मामा, यंत्रांचे पडदे बंद पडतील, पण त्यांना त्यांची स्वतःची लहान बॅटरी आहे.”

“आणि एंजिन?”

येथें तो थोडा थांबला. जुन्या पद्धतीच्या एंजिनांत दोन मॅग्नेटो असतात. त्यांना बॅटरीची गरज नसते, कारण एंजिनाच्या फिरण्यानेंच तीं आपली ठिणगी उत्पन्न करतात. भाच्यानें दोन्ही मॅग्नेटो काढून दोन्ही बाजूंस इलेक्ट्रॉनिक प्रज्वलन योजिलें होतें. त्यानें पेट्रोल कमी लागतें. पण तेथें वीज संपली कीं ठिणगी संपते. “तुम्ही म्हणतां तें बरोबर आहे,” तो अखेर म्हणाला, “पेट्रोलची ती बचत मीं दोनदां मांडली होती, पण ही बाजू एकदांहि मांडली नव्हती.” दुसऱ्या दिवशीं त्यानें एका बाजूचें मॅग्नेटो कपाटांतून काढून पुन्हां बसविलें. तें बॅटरीनें वाचविलेल्या वजनापैकीं बराच भाग खाऊन बसलें. पण ह्या वेळीं त्याबद्दल त्यानें कुरकुर केली नाहीं.

पुढचें काम आम्ही स्टुलावर बसून पाहिलें. दाब सोळा व्होल्टांच्या आसपास गेला कीं आल्टर्नेटरला आपोआप बंद करणारें साधन त्यानें घातलें. बॅटरीचा आंतला विरोध अगदीं थोडा, त्यामुळें ती रिकामी असतां प्रवाह अधाशासारखा ओढते व आल्टर्नेटर तापवूं शकते. म्हणून दोघांचें माप जुळतें कीं नाहीं तें त्यानें कारखान्याच्या कोष्टकाशीं ताडून पाहिलें. बॅटरी त्यानें वैमानिकाच्या बाजूला न ठेवतां एंजिनाच्या बाजूला, मधल्या पोलादी भिंतीपलीकडे, पेटींत बसविली आणि तिची नळी बाहेर सोडली. एंजिनाची धग तिला साठ अंशांवर नेऊं नये म्हणून गार हवेचा वेगळा झोत दिला. विस्कॉन्सिनच्या हिंवाळ्यांत शून्याखालीं तिला भारित करणें घातक, म्हणून हँगरांत शेगडीची सोय केली. शिवाय एक वार्षिक परीक्षा नेमली. शिशाची बॅटरी म्हातारी होऊं लागली कीं कण्हते; एंजिन फिरवितांना तिचा आवाज मंदावतो. लिथियमची बॅटरी शेवटपर्यंत तेरा व्होल्टांचा ताठा सोडीत नाहीं, आणि मग एकदम बसते. तेव्हां नुसता कांटा पाहून तिची प्रकृति कळत नाहीं. आवश्यक तीं यंत्रें ती किती मिनिटें चालविते हें घड्याळ लावून मोजावें लागतें.

एवढें सर्व त्याच्याकडून कोणी करवून घेतलें असें नाहीं. प्रवासी कंपन्यांच्या विमानांत एखादी वस्तु बदलावयाची तर तिच्यामागें परीक्षांचे व मंजुऱ्यांचे ढीग असतात. प्रायोगिक विमानांत बांधणाराच पुष्कळसा न्यायाधीश असतो. कायदा त्याला मोकळीक देतो आणि तिची किंमत उघडपणें लिहून ठेवावयास लावतो. हें विमान हौशी माणसानें बांधलेलें असून नेहमींच्या विमानांस लागू असलेले सुरक्षेचे नियम तें पाळीत नाहीं, अशी पाटी प्रवाशाला दिसेल अशा ठिकाणीं लावावी लागते. ती पाटी आमच्या बहिणीनें चष्मा लावून दोनदां वाचली.

आम्हीं तिला आमचें मत सांगितलें. ही बॅटरी जुनीपेक्षां वाईट नाहीं; परंतु जुनी जें क्षमा करी तें ही करणार नाहीं, आणि जें क्षमा होणार नाहीं त्याची तजवीज तुझ्या मुलानें केली आहे. तिनें तें ऐकून घेतलें. आम्हांस वाटलें होतें, ती आतां हो किंवा नाहीं म्हणेल. पण तिनें मुलालाच विचारलें, “मला बसविण्याआधीं तूं एकटा किती तास उडणार?” त्यानें सांगितलें कीं, त्याच्या विमानाला चाळीस तासांची परीक्षा ठरली आहे, आणि ती पुरी होईपर्यंत हौसेखातर कोणाला शेजारीं बसवितां येत नाहीं. “मग चाळीस झाल्यावर विचार,” ती म्हणाली, आणि भात लावावयास गेली.

आम्ही परत आलों त्याला आतां बरेच महिने झाले. बहिणीचा फोन दर रविवारीं येतो. बॅटरीविषयीं ती आतां कांहीं विचारीत नाहीं. प्रथम तास किती झाले तें सांगते, आणि मग बाकीची विचारपूस करते. गेल्या रविवारीं तिनें एकतीस सांगितले.